दुसऱ्याच रोगाच्या गोळ्या

‘झोपेची गोळी द्या, पण सवय लागन अशी नको देजा.’ मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरच्या मेडिकलवाल्यांना ही मागणी रोजची आहे. तिच्या जोडीला दुसरी असते, ‘कंबर लय दुखून राह्यली जी, काही जोरदार गोळी द्या.’ पुष्कळदा या दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या असतात, फक्त तो त्या वेगवेगळ्या दिवशी करतो. मागणी शहाणपणाची आहे. सवयीची भीती लोकांना आहे आणि ती असायलाच हवी. पण या मागणीला काउंटरवरून मिळणारं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, कारण सवय न लावणाऱ्या आणि तरीही उपयोगी पडणाऱ्या औषधांवर ‘झोपेची’ किंवा ‘दुखण्याची’ अशी ओळख नसते. ती दुसऱ्याच रोगाच्या नावाने जन्मलेली असतात आणि सावकाश काम करतात. म्हणून ती सुरू होतात त्याहून लवकर सुटतात. पुढची पानं या सुटण्याबद्दल आहेत.

झोप आणि दुखणं एकत्र का घेतलं, हा प्रश्न कुणी विचारील. रात्रभर कुशी बदलणाऱ्याला सकाळी तोच गुडघा जास्त दुखतो, हा अनुभव सगळ्यांचा आहे आणि प्रयोगशाळेतही तो खरा ठरला आहे. झोप तोडली की निरोगी माणसाचीही वेदना सोसण्याची ताकद कमी होते. मेंदूतून खाली मणक्याकडे जाणारा, वेदनेचा आवाज कमी करणारा संदेश निजेअभावी दुबळा पडतो. उलट बाजूने दुखणं झोप मोडतंच. त्यामुळे एकाचाच इलाज केला तर दुसरं त्याला परत खेचून आणतं.

आणि दुखणं म्हणजे इथे कुठलं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची झुंज, होते. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. ते दुखणं ताजं असतं. जखम भरली, हाड जुळलं की शरीर धोक्याची घंटा बंद करतं. या लेखनाचा विषय ते नव्हे. 3 महिन्यांहून जास्त टिकलं किंवा पुन्हा पुन्हा उलटून आलं की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिला प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली. यात घंटा वाजतच राहते, कधी इजा चालू असल्याने आणि कधी इजा संपल्यावरही, तारेतच बिघाड झाल्याने. ताज्या दुखण्यावर जे औषध उत्तम, ते यावर बहुधा निकामी असतं, आणि महिनोन् महिने घेतलं तर घातक.

या भागात अशा दुखण्याची आणि जागरणाची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी. कंबरेला ओटी बांधून वाकून चालायचं, ओटी भरत जाते तसा कंबरेवरचा भार वाढतो, आणि मजुरी किलोवर असल्याने मध्ये पाठ सरळ करणं म्हणजे पैसे सोडणं. संत्र्याच्या बागेत तोड सुरू झाली की क्रेट उचलून गाडीपर्यंत नेण्याचं काम. बोरगावच्या कारखान्यांत पाळ्या. आणि सगळ्यांत मोठं कारण, जे कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर येत नाही, ते म्हणजे रात्रीची लाईन. शेतीपंपाची वीज दिवसा काही तास, रात्री काही तास अशी मिळते. हरभरा-गव्हाच्या ओलिताला माणूस रात्री उठून पंपावर जातो, दांड फोडतो, बांधतो, थंडीत पाय चिखलात ठेवून बसतो. पुढच्या पाळीला वेळ बदलते. अशा माणसाला ‘रोज ठरल्या वेळी झोपा’ असं सांगणारा आरोग्यसल्ला त्याची थट्टा करतो. जोडीला खर्रा आहे. तंबाखूतलं निकोटीन मेंदूला जागं ठेवतं, हे खर्रा खाऊन निजणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि घोटभर दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्र पुरती मोडते.

हे सगळं मराठीतून का, तेही सांगायला हवं. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. त्याआधी दोन्ही तालुके छिंदवाड्यात होते. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. त्याचा परिणाम आजही दवाखान्यात दिसतो. भिंतीवरचा सूचनाफलक हिंदी, गोळीच्या पट्टीवर इंग्रजी, दुखणं सांगणारी आजी मराठी. मोठं दुखणं असलं तर गाडी छिंदवाड्याकडे न वळता नागपूरला जाते, तेही शंभर किलोमीटरच्या आत. नागपूरहून आणलेली फाइल, तिथली औषधं संपली की, गावच्या मेडिकलमध्ये येते आणि तिथे पुढचं सगळं ठरतं. मराठीतून लिहिण्याचं कारण इतकंच.

आता मुख्य मुद्दा. पट्टी हातात घ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम किंवा ट्रामाडोल असेल तर कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ छापलेलं असतं आणि बाजूला लाल चौकटीत इशारा. यांतली बहुतेक औषधं केंद्र सरकारने 2013 मध्ये अधिसूचित केलेल्या आणि 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-1 यादीतली आहेत. ती देताना रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही 3 वर्षं जपायची, असा नियम आहे. ट्रामाडोल तर एप्रिल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीच आलं. एवढं असूनही ‘अर्ध्या एमजीची’ गोळी चिठ्ठीविना हातावर पडते, हे सांगायला मला कुठला अहवाल लागत नाही. अल्प्राझोलाम 15-20 दिवस रोज घेतलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग एक दिवस गोळी चुकली की झोप आधीपेक्षाही वाईट होते आणि माणूस समजतो, आपल्याला रोग आहे, गोळीशिवाय चालायचं नाही. रोग नसतो, गोळीचाच तो परतावा असतो.

याच्या उलट बाजूला अ‍ॅमिट्रिप्टिलीन पाहा. 1961 पासून बाजारात असलेलं, अत्यंत स्वस्त, मूळचं उदासीनतेवरचं औषध. उदासीनतेसाठी ते दिवसाला 75 ते 150 मिलिग्रॅम देतात. दुखण्यासाठी रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरुवात होते आणि बहुतेकांचं 25 पर्यंत भागतं. मधुमेहाने तळपायाची आग होणं, नागीण उठून गेल्यावर राहिलेली जळजळ, मणक्यातून पायात उतरणारी कळ, अर्धशिशी, अंगभर दुखणारा फायब्रोमायल्जिया, यांत त्याचा उपयोग होतो, आणि झोपण्याआधी तास-दोन तास घेतलं तर गुंगीही येते. म्हणजे एका गोळीत दोन्ही कामं. तिची तल्लफ लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. मात्र तिचा दुखण्यावरचा परिणाम दिसायला 2 ते 4 आठवडे लागतात, आणि तो सगळ्यांनाच दिसतो असं नाही. नसांच्या दुखण्यात अंदाजे चार-पाच जणांना दिली तर एकाला ठळक फायदा होतो. दुसऱ्या दिवशी मात्र तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं, सकाळी डोकं जड राहतं. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. त्यातच घरातला शिकलेला मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि सांगतो, ‘बाबा, हे तर डिप्रेशनचं औषध आहे, तुमाले पागल समजते का तो डॉक्टर?’ चौथ्या दिवशी पट्टी कपाटावर जाते. कंबर दुखतच असते. मग जोरदार गोळी.

डॉक्टरने चिठ्ठी लिहिताना दोन मिनिटं खर्च करून ‘हे त्याच नावाचं औषध आहे, पण दहाव्या हिश्श्यात आणि दुसऱ्या कामासाठी, महिना धरून घ्या’ एवढं सांगितलं असतं तर हे टळलं असतं. ओपीडीच्या रांगेत ती दोन मिनिटं नसतात हेही खरं. इथे एक सावधगिरी लगेच सांगतो. अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकाच गोळीत मिसळून आपल्याकडे सर्रास विकतात, आणि क्लोरडायझेपॉक्साइड हे सवयीच्या कुळातलं, त्या कुळातलं 1960 मध्ये आलेलं पहिलं औषध. पोटाच्या मुरड्यावरच्या काही गोळ्यांतही ते लपलेलं असतं. म्हणून पट्टीवरची फक्त वरची ओळ वाचून चालत नाही, खालची बारीक घटकनावं वाचायची. आणि म्हाताऱ्या माणसाला, विशेषतः लघवी अडत असेल, काचबिंदू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर अ‍ॅमिट्रिप्टिलीन डॉक्टरला हे सारं सांगितल्याशिवाय घ्यायचंच नाही. ट्रामाडोलबरोबर तर ते स्वतःच्या मनाने कधीच नाही. झटके येऊ शकतात.

दुसऱ्या रोगाच्या नावाने बदनाम झालेल्या औषधाचं सगळ्यांत ठळक उदाहरण आपल्याच भागातलं आहे. ते सिकलसेलचं. मध्य भारतात हा आजार आहे, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. गोंड, प्रधान अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भात इतर अनेक जातींतही तो आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, पोटात, छातीत जी कळ उठते ती पाहणाऱ्यालाही बघवत नाही. अशा मुलाला लहानपणापासून दुखण्याची आणि तुटक झोपेची सोबत. गावात त्याला ‘सांधेवात’ म्हणून वर्षानुवर्षं सुया मिळतात. काही घरं त्याला जामसावळीच्या हनुमानाकडे नेतात. तिथे जाण्याला माझा विरोध नाही, फक्त वाटेत एकदा रक्त तपासून घ्यावं.

यावरचं औषध हायड्रॉक्सियुरिया. ते वेदनाशामक नाही, झोपेचं नाही, सवयीचं तर नाहीच. ते रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे पेशी वाकत नाहीत आणि कळा येण्याचं प्रमाण घटतं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 299 प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत कळांची वार्षिक संख्या जवळपास निम्मी झाली, आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. पण परदेशी मात्रा इथल्या मुलांना तशीच द्यायची का? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात तिथे, बालरोगतज्ज्ञ दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनाच्या किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम अशी ठरावीक, कमी मात्रा घेऊन खोट्या गोळीशी तुलना करणारी चाचणी केली, जी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. कमी मात्रेनेही कळा लक्षणीय घटल्या. स्वस्तात, कमी दुष्परिणामांत आणि आपल्याच मुलांवर हे सिद्ध झालं, याचं मला मोठं मोल वाटतं. भारतातल्या रुग्णांच्या रक्तात मुळातच गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन थोडं जास्त असतं, हेही त्यामागचं एक कारण.

आणि तरी हे औषध सुटतं. कारण त्याचं मूळ नाव रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेलं. कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची, माहितीपत्रकात कर्करोगाचा उल्लेख, आणि घरचे म्हणतात, पोराला कॅन्सरचं औषध का देता? शिवाय पहिल्या 2-3 महिन्यांत फरक दिसत नाही आणि मध्येमध्ये रक्ताची तपासणी करावी लागते, म्हणजे मजुरी बुडवून बसगाडी. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल इथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात केली. 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तपासणी झाली, कार्ड हातात आलं, पण पुढची गोळी रोज तोंडात जाते का, हे कार्डावर दिसत नाही. हा भाग सगळ्यांत अवघड. पाणी भरपूर पिणं, थंडीपासून आणि तापापासून सांभाळणं, गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरला सांगणं, हे या औषधासोबतचे नियम.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. सिकलसेलच्या तीव्र कळेत मॉर्फिनजातीचं औषध लागलं तर ते रुग्णालयात द्यायलाच हवं. ‘सवय लागेल’ म्हणून तळमळणाऱ्या मुलाला पॅरासिटामॉलवर ठेवणं क्रूरपणा आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाबाबतही तेच. अमली पदार्थ कायद्यात 2014 मध्ये बदल करून अत्यावश्यक अमली औषधं मिळवणं त्यासाठीच सोपं केलं गेलं. याच राज्यात मंदसौर-नीमच पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते. जुन्या मुंबईत गिरणीत पाळीवर जाणाऱ्या आया लहानग्यांना निजवण्यासाठी अफूच्या बाळगोळ्या देत, ही अफूची एक बाजू. मॉर्फिन ही त्याच रसाची दुसरी बाजू. वापरण्याची जागा चुकते, पदार्थ नव्हे.

मात्र जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीत या तीव्र औषधांचा फायदा नाही, याचा पुरावा आता हातात आहे. अमेरिकेत 240 माजी सैनिकांवर वर्षभर चाललेली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. अफूजन्य गोळ्या घेणाऱ्यांना साध्या औषधांवर असलेल्यांपेक्षा जास्त आराम मिळाला नाही, उलट वेदनेच्या मोजमापात साधी औषधं किंचित सरस ठरली. 2025 च्या फेब्रुवारीत भारताने अफूजातीचं टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांच्या जोडगोळीवर बंदी घातली, ती आफ्रिकेत नशेसाठी पोचत असल्याचं उघड झाल्यावर. जोरदार गोळीचा जोर कुठे जातो हे यातून दिसावं.

साध्या वेदनाशामकांचं दुसरं दुखणं आहे. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची नशा येत नाही, म्हणून ती निरुपद्रवी, अशी समजूत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे 2004 मध्ये उघड झालं, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. माणूस गिधाड नव्हे, पण दोन-दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ अशी गोळी घेणारा, त्यात रक्तदाबाची गोळी घेणारा, उन्हात पाणी कमी पिणारा शेतकरी आपल्या मूत्रपिंडावर तेच ओझं घालतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची वीसहून अधिक लेकरं खोकल्याच्या कोल्ड्रिफ सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, तामिळनाडूच्या तपासणीत 48.6 टक्के. त्या सिरपमध्ये कसलीही नशा नव्हती. म्हणून ‘सवय लागत नाही’ ही औषधाची एक परीक्षा आहे, संपूर्ण प्रमाणपत्र नव्हे. डायक्लोफेनॅक लावायच्या जेलमध्ये घेतलं तर रक्तात फार कमी जातं. गुडघ्याच्या झिजेला ते जेल पोटातल्या गोळीपेक्षा आधी वापरून पाहावं, असा सल्ला मी देईन. पुड्यांबाबत मात्र सल्लाबिल्ला नाही. कागदात बांधून मिळणारी ‘आयुर्वेदिक’ अंगदुखीची पुडी दुसऱ्या दिवशी चमत्कार करत असेल तर तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं, आणि ते हाडं, साखर, डोळे सगळं पोखरतं.

बाकीची औषधं झपाट्याने सांगतो. ड्युलोक्सेटिन, हेही मूळचं उदासीनतेचं, नसांच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यात चालतं. गॅबापेंटिन, मूळचं मिरगीचं. त्याचा भाऊ प्रेगाबालिन उपयोगी आहे, पण ‘सवय अजिबात नाही’ असं त्याच्याबद्दल म्हणता येत नाही, काहींना ते चढतं आणि मग सुटता सुटत नाही. साध्या कंबरदुखीत या दोघांचा फायदा फार थोडा. 30 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या अगदी नव्या जातीच्या वेदनाशामकाला मान्यता मिळाली. ते मेंदूपर्यंत जाण्याआधीच नसांतला वेदनेचा संदेश अडवतं. बातमी मोठी आहे, पण मान्यता ताज्या दुखण्यापुरती, जुनाट नव्हे.

झोपेच्या औषधांत मेलाटोनिनचा गवगवा फार. 1958 मध्ये शोध लागलेलं हे मेंदूतलं संप्रेरक सवय लावत नाही हे खरं, पण अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर ते झोप लागण्याचा वेळ सरासरी 7 मिनिटांनी कमी करतं, इतकंच. पाळी बदलणाऱ्या कामगाराला त्याचा उपयोग वेळ जुळवण्यापुरता. सर्दीच्या गोळीवर निजणं म्हाताऱ्यांना सोसत नाही, पडणं आणि गोंधळणं वाढतं. निद्रानाशावर आज जगभरचे तज्ज्ञ पहिलं सांगतात ते औषध नाहीच, 2016 मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने आणि पुढे युरोपनेही सांगितलेली वर्तन-उपचारपद्धती आहे. तिचा गाभा अगदी उलटा वाटेल असा आहे. झोप येत नसेल तर खाटेवर कमी वेळ घालवायचा. झोप प्रत्यक्षात 5 तास लागत असेल तर 5-साडेपाच तासच खाटेवर, उठण्याची वेळ रोज एकच, आणि झोप सलग व्हायला लागली की हळूहळू वेळ वाढवायचा. खाटेवर पडून मोबाइल नाही, चिंता नाही, वीस मिनिटांत नाही लागली तर उठून बसायचं. ज्याला ओलिताला रात्री दोनला उठावं लागतं त्याला हे जसंच्या तसं जमणार नाही. त्याच्यासाठी लाईनच्या पाळीनुसार आठवड्याचं वेळापत्रक कसं लावावं, दुपारी किती डुलकी चालेल आणि खर्रा संध्याकाळनंतर का थांबवावा, हे पुढे सविस्तर आहे. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा डुलक्या देणाऱ्याने आधी श्वास अडकण्याची तपासणी करावी. त्याला झोपेची गोळी देणं धोक्याचं आहे.

शेवटी त्यांच्यासाठी, जे आधीच लाल पट्टीवर आहेत. वाचून आज रात्रीच गोळी फेकू नका. वर्षानुवर्षं रोज घेतलेलं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम एकदम बंद केलं तर हात कापतात, घाम येतो, कधी फेफरं येतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के कमी करत जायचं. शेवटचा तुकडा सगळ्यांत अवघड असतो, तिथे कमी करण्याचा वेग आणखी मंद ठेवायचा. सुरुवातीच्या काही रात्री वाईट जातात, आणि त्या जाणार हे आधी माहीत असलं की त्या आपला पराभव वाटत नाहीत. बोलायला जवळ कुणी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक फुकट आहे, 2022 च्या ऑक्टोबरापासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.